इंजिनिअर उतरत नाहीत

रविवारी सकाळी ट्रॅक्टर सुरू होणार, घराला एक फेरी मारणार आणि शहाण्या मुलासारखा गॅरेजात परत येऊन बंद होणार, याबद्दल इंजिनिअरांच्या मनात तिळाएवढीही शंका नव्हती. शंका या गोष्टीचं त्यांना मुळातच वावडं. खरं तर ते इंजिनिअरही नव्हते. उभी हयात त्यांनी विमा कंपनीच्या कचेरीत, लोकांच्या जळालेल्या, बुडालेल्या आणि चोरीला गेलेल्या वस्तूंवर शेरे मारण्यात घालवली. पण निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची दारावरची बेल दुरुस्त करून दिली. ती इतकी दुरुस्त झाली, की डॉक्टरांनी अख्ख्या घराची वीज बंद करेपर्यंत वाजतच राहिली. त्या दिवसापासून गल्ली त्यांना इंजिनिअर म्हणायला लागली. गल्लीला यात गंमत वाटत होती आणि इंजिनिअरांना सन्मान वाटत होता, त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती.

आता ट्रॅक्टर म्हटल्यावर डोळ्यांपुढे शेतातला तो धिप्पाड गडी येतो, तसला हा नव्हे. हा बागेतला ट्रॅक्टर. चांगल्या पोसलेल्या वासराएवढा. वर एका माणसापुरती पत्र्याची बैठक, पुढे लांबुळकं नाक आणि पोटाखाली गवत कापायचं पातं. हे पातं बाईंनी पहिल्याच दिवशी काढायला लावून माळ्यावर टाकलं होतं. बाई म्हणजे इंजिनिअरांची बायको. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. "आधी घरातल्या सगळ्यांची बोटं मोजली, मग पातं वर टाकलं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

ट्रॅक्टर सापडला तो एका बंद पडलेल्या रोपवाटिकेच्या मागे. इंजिनिअरांच्या लग्नाआधीच्या काळातला. वेलींनी गुंडाळलेला, टाकीत मुंग्यांचं वारूळ, आणि बैठकीवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. कोंबडी उठायला तयार नव्हती. तिला उठवून इंजिनिअर बसले आणि मग ते उठायला तयार होईनात. त्या गंजक्या स्टिअरिंगवर हात ठेवल्यावर त्यांना जे काही वाटलं ते त्यांनी घरी येऊन बाईंना सांगायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, "आधी हात धुवा. धनुर्वात होईल."

मग घरात ट्रॅक्टर शिरला तो गॅरेजातून, पण गॅरेजात राहिला नाही. कार्बोरेटर दुधाच्या पातेल्यात उकळला. बेअरिंग नीट बसावं म्हणून एक दांडा आकसायला फ्रीजरमध्ये ठेवला, तो बाईंनी मासा समजून बाहेर काढला. नटबोल्ट रॉकेलमध्ये भिजत पडले, आणि इंजिनिअर अंगणात पत्रा घासत बसले. घासून घासून त्यांच्या अंगाला असा वास यायला लागला, की डॉक्टरांचा कुत्रा त्यांना वाहन समजून चाकाजवळ, म्हणजे पायाजवळ, तंगडी वर करायला लागला. इंजिनिअर मात्र हरखून गेले होते. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, ते गॅरेजात जाऊन ट्रॅक्टरला "काय म्हणतोस?" असं विचारून येत. हा प्रश्न त्यांनी बाईंना कधी विचारला होता, हे बाईंना आठवत नव्हतं.

बाईंची अडचण निराळी होती. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना टेबल टेनिसचं टेबल भेट दिलं होतं. ते दिवाणखान्यात सोफ्यामागे दुमडून उभं होतं. बाईंना खेळायचं होतं, डॉक्टर जोडीला तयार होते, फक्त टेबल उघडायला जागा नव्हती. जागा होती गॅरेजात, आणि गॅरेजात ट्रॅक्टर होता.

बाईंनी बरीच वाट पाहिली. मग एक दिवस त्यांनी गळ्यातली शिट्टी वाजवली. ही शिट्टी निवृत्तीनंतरही त्यांच्या गळ्यातून उतरली नव्हती आणि तिचा आवाज झाला की घरातली माणसं आपोआप उंचीप्रमाणे उभी राहत.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येणार आहे. त्याच्या देखत तुमचा तो ट्रॅक्टर सुरू व्हायला पाहिजे. घराला एक फेरी. परत गॅरेजात. आणि मी शिट्टी मारली की बंद. एवढं जमलं तर गॅरेज तुमचं, मी टेबलाचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर ट्रॅक्टर टेम्पोत, टेबल गॅरेजात."

"एवढंच?" इंजिनिअर म्हणाले. "दोन फेऱ्या मारून दाखवतो."

"एकच. आणि थांबून दाखवायचं."

थांबण्याचं काय एवढं, असं इंजिनिअरांना वाटलं. सगळी मारामार असते ती सुरू होण्याची. इतकी वर्षं बंद असलेल्या वस्तूला बंद होता येत नाही, असं कधी होईल?

मदतीला जावई आले. मुलीची इस्पितळात ड्यूटी होती, म्हणून तिने नवऱ्याला पाठवलं होतं. जावई स्वभावाने इतके मऊ, की सासरे आणि सासूबाई एकमेकांच्या विरुद्ध बोलत असले तरी ते दोघांनाही मान डोलवत. शनिवारी दिवसभर सासरे-जावयांनी ट्रॅक्टरला रंग दिला. लालभडक. जुन्या यंत्राचा खरा शौकीन कोण, हे रंगावरून ओळखतात, असं इंजिनिअरांचं मत होतं. एक टाचणीएवढाही धातू उघडा राहता कामा नये.

"बाबा, हा स्क्रूपण?" जावई विचारत.

"हापण."

"हा स्विचच्या मागचा पत्रा? तो तर दिसत नाही कोणाला."

"देवाला दिसतो. रंगवा."

"ही पेट्रोलची तोटी?"

"जावईबापू, तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही फक्त पुढूनच दाढी केली होती का?"

जावयांनी तोटी रंगवली. गिअरचा दांडा पहिल्या गिअरात होता, तो तिथेच रंगवला. हातावर हात, हातावर हात, असे इतके हात दिले की संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर अंगाने भरल्यासारखा दिसायला लागला. शेवटी इंजिनिअर पाय धुवायला गेले आणि जाताजाता म्हणाले, "उद्यापुरतं थोडं पेट्रोल टाकून ठेवा."

जावयांनी टाकी काठोकाठ भरली. सासऱ्यांच्या कामात हात आखडता कसा घ्यायचा?

रविवार उजाडला. अंगणात बाई, शिट्टीसकट. कुंपणापाशी डॉक्टर, हातात टेबल टेनिसची बॅट घेऊन, म्हणजे निकाल लागला की लगेच खेळता यावं. फाटकाबाहेर टेम्पो आणि टेम्पोला टेकून भंगारवाला. समोरच्या घरातल्या आजी खुर्ची घेऊन आल्या होत्या. त्या कुठलाही तमाशा उभ्याने बघत नसत.

इंजिनिअर बैठकीवर बसले. गिअर आधीच पडलेला होता, म्हणून त्यांनी डाव्या पायाने क्लच दाबून धरला. जावयांनी इंजिनला दोरी गुंडाळली आणि ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. ट्रॅक्टर शिंकला. डॉक्टरांनी बॅट हातात फिरवली. जावयांनी डोळे मिटून, दातओठ खाऊन, सासऱ्यांचं स्मरण करून तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि स्वतः जाऊन कुंडीत बसले.

आणि ट्रॅक्टर सुरू झाला!

काय तो आवाज. आधी म्हाताऱ्याने खाकरावं तसा, मग गळा मोकळा झाल्यासारखा, मग एकदम तालात. निळा धूर असा उठला की आजी दिसेनाशा झाल्या. इंजिनिअरांच्या पायापासून टाळूपर्यंत थरथर भरली. त्यांचा चष्मा थरथरत होता, गाल थरथरत होते, खिशातलं पेन थरथरत होतं. त्यांनी हळूच क्लच सोडला आणि ट्रॅक्टर चालायला लागला. पहिल्या गिअरमध्ये, सकाळी फिरायला निघालेल्या सद्गृहस्थाच्या चालीने, पण चालायला लागला. विहिरीपासून, तुळतुळीत कापलेल्या मेंदीच्या कुंपणाला वळसा घालून, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून, न्हाणीघराच्या मागून, सबंध घराला एक फेरी. आजींनी टाळ्या वाजवल्या. भंगारवाल्यानेही वाजवल्या. इंजिनिअर स्वारीवरून परतलेल्या राजासारखे गॅरेजाच्या दारात आले आणि त्यांनी क्लच दाबला. ट्रॅक्टर उभा राहिला.

बाईंनी शिट्टी मारली.

इंजिनिअरांनी ऐटीत किल्ली फिरवली. इंजिन चालूच.

त्यांनी किल्ली इकडे फिरवली, तिकडे फिरवली, काढून खिशात टाकली. इंजिन आनंदाने चालूच.

या जातीच्या जुन्या इंजिनांची एक रीत असते. किल्ली फिरवली की ठिणगीची वीज प्लगकडे न जाता स्विचमधून ट्रॅक्टरच्या सांगाड्यात उतरते, आणि ठिणगी विझली की इंजिन थांबतं. त्यासाठी स्विचचा उघडा धातू सांगाड्याच्या उघड्या धातूला टेकावा लागतो. आता उघडा धातू या ट्रॅक्टरवर कुठे होता? देवाला दिसणाऱ्या जागीसुद्धा नव्हता.

हे सगळं इंजिनिअरांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. त्यांनी गिअर काढायला दांडा ओढला. दांडा रंगाने खाचेत असा जडला होता की नुसती वरची मूठ हातात आली. ती त्यांनी कोणाला न दाखवता किल्लीशेजारी खिशात घातली.

"बंद करा," बाई म्हणाल्या.

बंद होत नाही म्हणावं, तर अट मोडली. ट्रॅक्टर टेम्पोत. क्लच सोडून उतरावं, तर ट्रॅक्टर एकटाच गॅरेजात घुसून मागची भिंत घेऊन पलीकडे डॉक्टरांच्या दिवाणखान्यात. क्लच दाबून बसून राहावं, तर ही क्लचची स्प्रिंग मुळातच बैलाच्या खुराला झेपेल अशी. इंजिनिअरांचा डावा पाय लटलटायला लागला होता.

"अहो, बंद करा ना."

इंजिनिअरांनी तोंड उघडलं. काहीतरी सुचणार होतं. तेवढ्यात पाय सुटला, त्यांनी जेमतेम स्टिअरिंग वळवलं आणि ट्रॅक्टर बाईंच्या समोरून, मान वळवून निघून जावं तसा निघून गेला.

"आणखी एक फेरी," इंजिनिअर मागे न बघता म्हणाले. "प्रात्यक्षिक."

न्हाणीघरामागे कोणी बघणारं नव्हतं. तिथे जावई बरोबरीने धावत आले.

"बाबा, झालं की. बंद का नाही केला?"

"होत नाहीये," इंजिनिअर हळूच ओरडले.

"अरे देवा. आईंना सांगू?"

"सांगाल तर बघा. तोटी बंद करा, पेट्रोलची."

जावयांनी धावता धावता तोटी पिरगळली. तोटी हलली नाही, रंगाने ती टाकीशी लग्न लावून बसली होती. त्यांनी पक्कड लावली. तोटीचा कान तुटून हातात आला.

"प्लगची टोपी उपटा मग."

जावयांनी टोपीला हात घातला आणि पुढच्या क्षणी ते मेंदीच्या कुंपणात होते. त्यांचे केस, जे एरवी सासूसासऱ्यांसमोर कायम नम्रपणे बसलेले असत, ते उभे राहिले होते.

"लागलं का?" पुढे जात इंजिनिअरांनी विचारलं.

"नाही नाही, बाबा," कुंपण म्हणालं. "छान आहे."

"पेट्रोल किती टाकलंत?"

"काठोकाठ."

इंजिनिअरांनी डोळे मिटले आणि स्वयंपाकघर येणार म्हणून लगेच उघडले.

पुढच्या फेरीला ते पुन्हा गॅरेजाच्या दारात आले, पुन्हा क्लच दाबला. आता बाईंच्या शेजारी भंगारवाला येऊन उभा होता. चेहरा गंभीर.

"बाई," तो म्हणाला, "एक बोलू का? मी हा धंदा फार वर्षं करतोय. फ्रीजला मिठी मारून रडलेली माणसं बघितलीत मी. पण असं नाही बघितलं. हे काका मुद्दाम उतरत नाहीत. उतरले की तुम्ही ट्रॅक्टर मला देणार, हे कळलंय त्यांना."

"काहीतरीच काय. पैज जिंकले की नाही देणार."

"ते तुम्ही म्हणता. काकांचा विश्वास नाही. बघा की तोंड."

सगळ्यांनी इंजिनिअरांच्या तोंडाकडे बघितलं. पायाला गोळा आल्यामुळे त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं.

"अगंबाई, रडतोय की गं तो," आजी खुर्चीतून म्हणाल्या. "एवढा जीव आहे होय त्या ट्रॅक्टरवर? आणि तू तो भंगारात घालायला निघालीस?"

"आजी, तसं नाही—"

"आमच्या ह्यांनी तर आयुष्यात कशावर एवढा जीव लावला नाही. माझ्यावरसुद्धा."

बाईंच्या चेहऱ्याचा नूर बदलला. सगळी गल्ली आपल्याकडे, छळवादी सासूकडे बघावं तशी बघते आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दोन पावलं पुढे आल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "जिंकलात तुम्ही. गॅरेज तुमचं. ट्रॅक्टर कुठेही जात नाही. आता उतरा."

इंजिनिअरांचं काळीज उड्या मारायला लागलं. जिंकलो! ते "हो" म्हणणार होते. 'हो'मधला 'ह' ओठावर आलासुद्धा होता. पण पायातला गोळा मांडीपर्यंत चढला, क्लच सुटला आणि ट्रॅक्टर निघाला.

"नाही म्हणतोय," आजी म्हणाल्या.

"अहो, गॅरेज दिलं की," बाई मागून म्हणाल्या. इंजिनिअर गेले.

आता या गोष्टीला एक चाल पडली, आणि ती ऊन डोक्यावर येईपर्यंत चालली. इंजिनिअर फेरी मारून यायचे, उभे राहायचे, बाई काहीतरी कबूल करायच्या आणि ऐन 'हो'च्या वेळी पाय दगा द्यायचा. पाठमोरा नवरा म्हणजे नकार, असा बाईंनी अर्थ काढायचा आणि पुढच्या फेरीला बोली वाढवायची. टेबल डॉक्टरांकडे देऊन टाकते, असं त्या म्हणाल्या. ट्रॅक्टर निघाला. दुधाचं पातेलं कार्बोरेटरला कायमचं ठेवा, मी नवीन घेते, म्हणाल्या. ट्रॅक्टर निघाला. फ्रीजरचा खालचा कप्पा ट्रॅक्टरचा, म्हणाल्या. डॉक्टर कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, एवढं सोडू नका हो." तर आजींनी त्यांना गप्प केलं, "तुम्ही दात बघा तुमचे."

न्हाणीघरामागे जावई वाटच बघत होते.

"बाबा, आई फार खचल्यात. मी तर त्यांना असं कधी बघितलं नाही. सांगून टाकू या का?"

"जावईबापू," इंजिनिअर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत एक निराळीच चमक होती. "माझ्या सबंध संसारात मी एकदा पंख्याचा वेग ठरवला होता. एकदा. तोसुद्धा नंतर कमी केला गेला. आज फ्रीजर मिळालाय. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला नाही कळायचं."

"कळतंय, बाबा," जावई मनापासून म्हणाले.

मग इंजिनिअरांना युक्ती सापडली. डाव्या पायाऐवजी त्यांनी उजवा पाय आडवा आणून क्लचवर ठेवला. बैठक जरा नाचातल्यासारखी झाली, पण पाय ताजा होता. गॅरेजाच्या दारात ते भक्कम उभे राहिले.

"आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?" बाईंनी विचारलं. आवाजात शिट्टीची धार उरली नव्हती.

इंजिनिअरांनी घसा साफ केला. खरं तर आता हो म्हणायचं, उतरता येत नाही हे नंतर बघू. पण ताज्या पायाने माणूस बिघडतो.

"दुसरा ट्रॅक्टर," ते म्हणाले.

भंगारवाल्याने टोपी काढली.

"दुसरा?"

"जोडी लागते. सुट्या भागांसाठी. रोपवाटिकेच्या मागे आणखी एक आहे. त्याच्यावरही कोंबडीच बसलीय."

बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं, आजींकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आणा."

त्या क्षणी इंजिनिअरांना पंख फुटल्यासारखं झालं. त्यांनी क्लच सोडला तो पाय दुखला म्हणून नाही, नुसत्या आनंदाने. विजयी फेरी! मेंदीला त्यांनी हात केला. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कपबश्यांना हात केला. न्हाणीघराच्या नळाला हात केला. जावई टाळ्या वाजवत बरोबर धावले. पेट्रोल आज ना उद्या संपेलच, ट्रॅक्टर आपण होऊन थांबेल, आणि कोणाला काही कळणार नाही. गॅरेज, पातेलं, कप्पा, दुसरा ट्रॅक्टर. राज्य आपलं!

फेरी पुरी करून ते अंगणात वळले, तर समोरून बाई चालत येत होत्या. त्या ट्रॅक्टरच्या बाजूने चालायला लागल्या. चालता चालता त्यांनी पदर खोचला, मागच्या बाजूला सामान ओढायची जी रुंद पट्टी असते तिच्यावर पाय दिला, आणि जन्मभर मुलींना व्यायामशाळेतल्या लाकडी घोड्यावरून उड्या मारायला शिकवलेल्या बाईने सहज चढावं तशा चढून उभ्या राहिल्या. एक हात इंजिनिअरांच्या खांद्यावर.

"ही काय नवीन अट?" इंजिनिअर दचकून म्हणाले.

"अट नाही. चालवा."

विहीर गेली. मेंदी गेली. धूर मागे सरत होता आणि ऊन लाल नाकावर असं चमकत होतं की बघत राहावं.

"बरा चालतो हो," बाई म्हणाल्या.

इंजिनिअरांनी वळून बघायचं धाडस केलं नाही.

"मला वाटायचं, तुम्ही नुसताच पत्रा घासत बसता," बाई म्हणाल्या. "रिकामपणाला काहीतरी. पण हा तर खरंच चालतो. हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?"

"जावई होते."

"तरीपण. मी एकदाही आत येऊन बघितलं नाही. चुकलंच माझं."

आता बघा, गॅरेज दिलं तेव्हा इंजिनिअर विरघळले नव्हते. फ्रीजरला विरघळले नव्हते. दुसऱ्या ट्रॅक्टरला तर उलट ताठ झाले होते. पण "चुकलंच माझं" हे वाक्य त्यांनी बाईंच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, आणि ते खांद्यावर हात ठेवून म्हटलं जाईल हे तर विम्याच्या कुठल्याच कलमात बसत नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कपबश्यांना हात करायचं ते विसरले. न्हाणीघराच्या मागे त्यांनी चष्मा काढून पुसला. अंगणात वळेपर्यंत त्यांना राहवेना.

"अगं," ते म्हणाले. "एक सांगू?"

"सांगा की."

"हा थांबत नाही."

"म्हणजे?"

"बंद होत नाही. पहिल्या फेरीपासून. किल्ली फिरवून काही होत नाही. मी मुद्दाम नव्हतो गं फिरत."

आणि हे शेवटचं अक्षर त्यांच्या तोंडातून बाहेर पडतंय न पडतंय तोच ट्रॅक्टर एकदा खोकला. दुसऱ्यांदा खोकला. नाक जरा खाली केलं आणि गॅरेजाच्या दारात, अगदी जिथे थांबायचं ठरलं होतं त्या जागी, आज्ञाधारकपणे बंद पडला. पेट्रोल संपलं होतं.

अशी शांतता पसरली की टेम्पोतला एक पत्रा आपोआप सरकला तोही सगळ्यांना ऐकू आला. आणखी अर्धं मिनिट, नुसतं अर्धं मिनिट इंजिनिअरांनी तोंड मिटून धरलं असतं तर!

बाई उतरल्या. ट्रॅक्टरच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मी गॅरेज दिलं तेव्हा तुम्ही पाठ फिरवून गेलात."

"पायाला गोळा आला होता."

"टेबल देऊन टाकते म्हणाले, तेव्हा?"

"गोळा."

"पातेलं? फ्रीजर?"

"गोळाच. वर चढला होता."

"आणि दुसरा ट्रॅक्टर मागितलात, तेव्हा?"

इंजिनिअरांनी जमिनीकडे बघितलं.

"तेव्हा पाय बरा होता," ते म्हणाले.

कुंपणाशी डॉक्टरांनी बॅट काखेतून काढून पुन्हा हातात घेतली. आजी म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, एवढा जीव कोणी लावतं का," आणि त्यांनी खुर्ची उचलली. भंगारवाल्याने टोपी घातली. बाई बराच वेळ त्या लालभडक नाकाकडे बघत राहिल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याला काहीतरी होत होतं, पण ते त्यांनी होऊ दिलं नाही.

"ट्रॅक्टर राहील," त्यांनी निकाल दिला. "चालतो चांगला. मागे उभं राहिलं की वाराही लागतो. पण बाहेर राहील, विहिरीजवळच्या पाण्याच्या पिंपाशेजारी, ताडपत्रीखाली. गॅरेजात टेबल. दुसऱ्या ट्रॅक्टरवरच्या कोंबडीला सुखाने बसू द्या. आणि ज्या दिवशी हा मला फेरी मारून आणेल आणि मी शिट्टी मारल्यावर थांबेल, त्या दिवशी पुन्हा बोलू."

"आई म्हणतात ते बरोबर आहे," जावई म्हणाले. मग सासऱ्यांकडे बघून म्हणाले, "बाबांचंही."

टेम्पो रिकामा निघाला. जाताना भंगारवाल्याने काच खाली केली. "काका, पुन्हा असं काही असलं तर सांगा. न्यायला नाही, नुसता बघायला येईन."

आता संध्याकाळी गॅरेजातून चेंडूचा टकटक आवाज येतो. डॉक्टर बहुतेक हरतात. बाहेर पिंपाशेजारी इंजिनिअर ताडपत्री बाजूला सारून उकिडवे बसलेले असतात, आणि अजूनही त्यांच्या चेहऱ्यावर त्या रविवारचा आनंद आहे, कारण काही झालं तरी तो सुरू झाला होता, आणि बायको मागे उभी होती. स्विचभोवतीचा सगळा रंग त्यांनी खरवडून काढला आहे. स्विचच्या तारेची टोकं घासून चकचकीत केली आहेत. मग जिथे जिथे जोडता येईल तिथे तिथे ती तार सांगाड्याला अशी करकचून आवळली आहे की बंद राहण्याच्या बाबतीत आता कुठलाही ट्रॅक्टर त्याचा हात धरणार नाही. जावई दर आठवड्याला येऊन दोरी ओढतात. खांदा निखळेपर्यंत ओढतात. ट्रॅक्टर हूं की चूं करत नाही.

"काळजी नको," इंजिनिअर त्यांना धीर देतात. "थांबवण्याचं मुख्य काम झालं. आता सुरू करण्याचं तेवढं किरकोळ राहिलंय."